ठेकेदार पाहण्याचा कार्यक्रम

कोणत्याही गोष्टीत हात घालायच्या आधी तिची पूर्ण चौकशी करावी, असं सरकारचं मत आहे, अन् आमच्या शेजारच्या रामाजीचंही आहे. दोघायचं एकमत झालेली माह्या माहितीतली ही एवढीच बाब. फरक इतकाच की सरकार चौकशी झाल्यावर काही करत नाई, अन् रामाजी चौकशी थांबवत नाई.

त्याचं म्हणणं तसं बिनतोड आहे. बैल घ्यायचा तर माणूस त्याचे दात पाहते, शेपटी पिळते, चार पावलं चालवते, अन् मागच्या मालकानं काऊन विकला हे तिसऱ्यालेच विचारते. बाई मडकं घेते तर वाजवून घेते. जावई करायचा तर माणूस सात गावच्या विहिरीचं पाणी पिऊन येते. आणि नोकरी? जिथी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राहायचं, तीस-तीस साल राहायचं, तिथी माणूस टोपी हातात घेऊन जाते अन् म्हणते, "हजर हाय." हा समाजावरचा कलंक आहे, असं सदर रामाजीचं ठाम मत. मले ते तात्काळ पटलं, कारण मले पैज लावायची होती.

आमचं गाव मौजा हेटीबोडी, कुरखेड्यापासून बैलाच्या मर्जीनं दीड तास. घरं बावन्न, तलाव एक, मॅट्रिक एक. मॅट्रिक म्हणजे मुखरू. त्याचं घर ढिवराचं. आजा मासे मारत गेला, बाप मासे मारत गेला, अन् मामा चैतू अजून मारते. माय अन्नपूर्णा. तिनं सुकट विकून विकून पोराले ब्रम्हपुरीले ठेवलं अन् मॅट्रिक केलं. सगळं ठीक होतं, फक्त पोरगं पाण्याले भ्यायचं. झाड कोरून केलेला आमच्याकडचा डोंगा असते, त्यात बसवलं की मुखरू पांढरा पडे, अन् मग डोंग्याबाहेर पडे. आतापर्यंत तीनदा पडला. तीनदा मामानं केसाले धरून काढला. चौथ्यानं मामा केस धरणार नाई, असं गावात बोलल्या जात होतं.

होळी झाली तसं चैतूनं जाहीर केलं, "रामनवमीपावत नोकरी लागली तं लागली. नाई तं रामनवमीपासून डोंगा. मॅट्रिक म्हनून काय मासोळी जाळ्यात येत नाई?"

त्याच हप्त्यात कोतवालानं बातमी आणली. वडशाचे नत्थूजी ठेकेदार बिडीपत्त्याचा धंदा करतात. त्यायले फडमुन्शी पायजे, मॅट्रिक पायजे, पुढच्या बुधवारी पेढीवर मुलाकत. बायामाणसं जंगलातून पत्ता तोडून सांजच्याले जिथी आणतात, ते आवार म्हणजे फड. तिथी बसून पत्त्याचे पुडे मोजणारा म्हणजे फडमुन्शी. काम जंगलातलं, उन्हाचं, मच्छराचं, पण संपूर्णपणे कोरड्या जमिनीवरचं. मुखरूले जगात आखीन काही नको होतं.

"उद्याच जातो," तो म्हणाला.

"थांब," रामाजी म्हणाला. "घर पाह्यलं काय?"

इथी रामाजीची ओळख देणं भाग आहे. वय अठ्ठेचाळीस, पागोटं पांढरं, धंदा शेती, खरा धंदा सोयरीक. आजपर्यंत एकतीस लग्नं जुळवली. (त्यातले एकोणीस जोडपे एकमेकायशी बोलतात. आमच्या भागात हे प्रमाण चांगलं समजल्या जाते.) कोण्या गावात कोणाची म्हैस आटली अन् कोणाच्या पोराले रात्री खोकला येते, हे त्याले तोंडपाठ.

"कोणाचं घर, भाऊ?" मुखरूनं विचारलं.

"नत्थूजीचं. आपुन पोरगा देऊन राह्यलो त्याच्या घरी. असाच कसा देवाचा?"

"मी नोकरीले चाललो. नांदाले नाई."

"फरक सांग," रामाजी म्हणाला.

मुखरूले फरक सांगता आला नाई. मॅट्रिकले तो विषय नसते.

मी छपरीत बसून बिडी ओढत होतो. मी बोललो, "रामाजीभाऊ, तुमी चौकशी करसान तं पोरगा डोंग्यात जाइन."

"अन् नाई करीन तं?"

"तं एखाद्या वक्ती नोकरी लागन."

झालं. रामाजीच्या पागोट्यालेच हात घातला मी. तो छपरीवर चढला. "लटारू, माह्या चौकशीनं रामनवमीपावत हा पोरगा नत्थूजीचा मुन्शी झाला नाई, तं भर बाजाराच्या दिवशी गाव सांगन ते करीन."

"अन् झाला तं मी करीन."

चैतूनं दोघायच्या हातावर हात मारून पैज पक्की केली. अन्नपूर्णा आतून ओरडली, "पोरगं माहं हाय अन् पैजा तुमच्या!" पण स्त्रियांचं मत कार्यवाहीत नमूद करण्याची तेव्हा पद्धत नव्हती.

रामाजीची चौकशी म्हणजे गप्पा नाई, ते एक शास्त्र आहे. त्याचे नियम त्यानं आम्हाले रेंगीत बसल्या बसल्या सांगितले. रेंगी म्हणजे हलकी बैलगाडी. तिच्यात रामाजी, मी अन् हाकायले चैतू. मुखरूले आणलं नव्हतं, कारण ज्याचं ठरवायचं त्याले चौकशीत आणत नाईत.

पयला नियम : सरळ विचारायचं नाई. घर पाहायचं तर विहिरीपासून सुरुवात करायची.

दुसरा : घरच्या माणसाले विचारायचं नाई, तो खोटं सांगते. मित्राले नाई, तो जास्त खोटं सांगते. वैऱ्याले विचारायचं अन् निम्मं धरायचं. न्हाव्याले विचारायचं अन् पुरं धरायचं.

तिसरा, अन् हा सगळ्यात मोठा : कोणाकडून आलो, कोणासाठी आलो, हे जीव गेला तरी सांगायचं नाई. नाव फुटलं की भाव उतरते.

"अन् कोनं लईच इचारलं तं?" चैतूनं विचारलं.

"तं म्हनाचं, घर चांगलं हाय, एवढंच समजा."

वडशाले आम्ही पयले नत्थूजीच्या वाड्यामागच्या विहिरीवर गेलो. रामाजीनं ओंजळभर पाणी पिलं, तोंडात घोळवलं, डोळे मिटले. "गोड हाय. पन तळाले गाळ." (याचा अर्थ मालक बोलायले चांगला, हिशेबाले बरा नाई. पाण्यावरून हे कसं समजते ते शास्त्र ज्याले येते त्यालेच येते.) मग धोब्याकडे गेलो. रामाजीनं नत्थूजीची धोतरं मोजली, ठिगळं मोजली, अन् ठिगळ सारख्याच कापडाचं आहे की नाई हेही पाह्यलं. मग वैरी शोधला. त्याले वेळ लागला नाई. तिसऱ्याच दुकानात भेटला. त्यानं अर्धा घंटा शिव्या दिल्या. रामाजीनं निम्म्या धरल्या.

शेवटी न्हावी. तो लिंबाखाली बसला होता. रामाजी त्याच्यापुढं दाढीले बसला अन् सुरू झाला.

"नत्थूजी ठेकेदार म्हंजे वडशातलं मोठं घर, नाई?"

"मोठं."

"सोभावानं कसे?"

"मले तं आजपावत मारलं नाई."

"पितात?"

"सणाले."

"आजार-बिजार?"

"घोरतात म्हंते गडी."

"वय?"

न्हाव्याचा वस्तरा थांबला. त्यानं रामाजीच्या पागोट्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, रेंगीकडे पाह्यलं. अन् मग आवाज उतरवून म्हणाला, "छप्पन सांगतात. बाई जाऊन चार साल झाले. घर सुनं हाय."

रामाजीनं मान हलवली अन् माह्या कानात सांगितलं, "बाई नाई. म्हंजे मुन्शीच्या जेवनाचे हाल." बाब नोंदवली.

"दात इचारा, भाऊ," मी म्हणालो. मले राहवलं नाई.

"दात कसे हायेत?" रामाजीनं विचारलं.

"दोन कमी. पन समोरचे शाबूत," न्हावी म्हणाला. त्याचे डोळे आता वाटीएवढे झाले होते. "भाऊ, कोनाकडून आले तुमी?"

"घर चांगलं हाय, एवढंच समजा," रामाजी म्हणाला.

न्हाव्यानं दाढीचे पैसे घेतले नाईत. रामाजीले वाटलं, आपल्या वजनाचा परिणाम. मलेही तेच वाटलं, पण मी तोंड दुसरीकडे करून, हासू दाबून वाटून घेतलं.

वाचकाले हे समजलंच असन, पण कागदोपत्री नोंद असावी म्हणून सांगतो. आमच्या भागात तीन परके माणसं येऊन बिनबायकोच्या माणसाचा स्वभाव, वय, दारू, दात अन् घोरणं विचारतात अन् कोणाकडून आले ते सांगत नाईत, तेव्हा त्याचा एकच अर्थ होते. आम्ही कुरखेड्याच्या पुढं पोचलो नव्हतो, तोपर्यंत वडशाच्या शेवटच्या घरापर्यंत बातमी गेली होती : कोण्या तरी मोठ्या घरची मंडळी नत्थूजीले पाहून गेली, अन् बुधवारच्या मुलाकतीचं निमित्त करून परत येणार आहे.

नत्थूजीनं त्या हप्त्यात तीनदा दाढी केली. (एरवीचं प्रमाण महिन्याले दोन.) वाड्याले चुना मारला. मिशीले कलप लावला. विहिरीतला गाळ काढला.

बुधवारी आम्ही नऊ जण गेलो. एका मुन्शीच्या जागेसाठी नऊ जण काऊन, असं मुखरूनं विचारलं. "आठ शुभ नाई," रामाजी म्हणाला.

पेढीच्या ओसरीत अकरा उमेदवार होते. सगळे तेल लावून, सगळ्यायच्या हातात सर्टिफिकिट. त्यातला एक आमच्या कुरखेड्याचाच खुशाल, काडीसारखा पोरगा, उंबऱ्यापाशी उभाच होता, कारण त्याले कोणी बस म्हणलं नव्हतं. आम्ही आलो तसा नत्थूजीचा जुना मुन्शी मनसाराम धावत आला, बाकावरचे सात उमेदवार उठवले अन् आम्हाले आत नेलं. आत गादी, तक्के, पोहे, च्या, पानाचं तबक.

"पाह्यलं?" रामाजी माह्या कानात म्हणाला. "चौकशी करून येनाऱ्याची इज्जत."

मी मान हलवली, माह्या तोंडात पोहे होते.

नत्थूजी आले. नवं धोतर, काळीभोर मिशी. गादीवर अशा बेतानं बसले की नव्या धोतराले चुणी पडू नये. मुखरू आपली सर्टिफिकिटं छातीशी धरून आमच्या मागं कोपऱ्यात बसला होता. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ज्याचं ठरवायचं त्याच्याकडे लक्ष देण्याची पद्धत नाई.

खिडकीत उमेदवार जमले. त्यायच्या मागं न्हावी, न्हाव्याच्या मागं वडसा.

"इचारा," नत्थूजी म्हणाले. "मनात ठेवू नका."

रामाजीनं घसा साफ केला. "माणसाले घरात कसं ठेवता?"

"आपल्या घरी आवाज चढत नाई," नत्थूजी म्हणाले. दारात उभ्या मनसारामले ठसका लागला. तो अकरा साल या घरात होता.

"जेवन?"

"दोन येळा. वेळेवर. वर तूप."

मनसारामनं दाराची चौकट धरली.

"सनासुदीले घरी जाऊ देता?"

"महिना राहा म्हनलं तं महिना राहू देइन. मी काय राक्षस हाव? आजारपन आलं तं वैद्य मी आनन. काम? काम घरच्यासारखं. झेपन तेवढं. दुपारी पडलं तं मी काय उठवाले येनार हाव?"

खिडकीतले अकरा उमेदवार एकमेकायकडे पाहाले लागले. वडशात असा मालक आहे हे त्यायले माहीत नव्हतं. मनसारामलेही नव्हतं.

"भाऊ," मी हळूच म्हणालो, "चालून दाखवाले सांगा. पायाचं समजन."

रामाजीले ते रास्त वाटलं. फडावर फिरणारा मालक पायानं धड पायजे. त्यानं सांगितलं. अन् छप्पन वर्षाचा तो ठेकेदार, ज्याच्या नावानं तीन तहसिलीतले गडी दचकत, तो उठला अन् भर पेढीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालून दाखवून परत बसला. उन्हाळा तोंडावर होता, कलप पातळ झाला होता, अन् मिशीचं एक टोक हनुवटीवर उतराले लागलं होतं.

"पसंत हाय," रामाजी म्हणाला. "आमची ना नाई."

नत्थूजीच्या जिवात जीव आला. ते पुढं वाकले. "मंग आता तरी सांगा. कोनाचं काम हाय?"

"हे काय," म्हणून रामाजीनं मागं हात केला अन् मुखरूले पुढं ओढलं. "मॅट्रिक. सेकंड डिव्हिजन. फडमुन्शीच्या जागेले."

नत्थूजीनं मुखरूकडे पाह्यलं. सर्टिफिकिटाकडे पाह्यलं. खिडकीतल्या न्हाव्याकडे पाह्यलं. न्हावी खाली बसला.

माणूस पाहावा तो अशा टायमाले. नत्थूजीपुढं दोनच रस्ते होते. आपण काय समजून मिशीले कलप लावला ते वडशापुढं कबूल करावं, नाई तर हे सगळं मुन्शीसाठीच चाललं होतं असं दाखवावं. त्यायनं क्षणभर धोतर सारखं केलं अन् म्हणाले, "हं. असाच मुन्शी पायजे होता मले. ज्याचे लोक इचारून-तपासून देतात. पोरगा पसंत हाय. अटी मी बोललो त्याच. ईस तारखेपासून रुजू."

मुखरू हसला. मी त्या पोराले एकोणीस वर्षात पयल्यांदा सगळे दात दाखवताना पाह्यलं. चैतूनं डोळे पुसले. पैज गेली, असं समजून मी दुसरी बशी पोहे ओढले.

रामाजीनं कप खाली ठेवला. मिशी पुसली. पागोटं सारखं केलं. अन् त्यानं ते वाक्य उच्चारलं, जे एकतीस लग्नात एकतीसदा उच्चारलं होतं अन् जे न उच्चारणं म्हणजे मुलाकडच्यायनं स्वतःची किंमत स्वतःच्या तोंडानं उतरवणं, असं आमच्या भागातलं लहान पोरगंही सांगन :

"बरं. घरी इचारून कळवतो."

"भाऊ!" मुखरू म्हणाला. "मी इथीच हाव. मले इचारा ना. मी हो म्हंतो—"

"पोरानं मधात बोलू नये," रामाजी म्हणाला. अन् नत्थूजीकडे वळून, "लहान हाय. मनावर घेऊ नका."

नत्थूजीनं मनावर घेतलं नाई. कोंडवाड्यातला बैल पैसे न भरता सुटल्यावर माणसाचा चेहरा जसा होते, तसा त्यायचा झाला. "कळवा, कळवा," ते म्हणाले. "सावकाश कळवा." मग खिडकीकडे तोंड करून, आता त्यायच्या नेहमीच्या आवाजात, ज्याच्यानं मनसाराम पाठीतून सरळ झाला, ओरडले, "अरे, आखीन कोन हाय तिकडे?"

उंबऱ्यापाशी उभा होता तो खुशाल म्हणाला, "मी हाय, मालक."

"अटी काय तुह्या?"

"काई नाई."

"पगार?"

"देसान तो."

"जा. रुजू हो."

आमचा च्या तेव्हा अजून गरम होता.

परतीच्या रस्त्यानं मुखरू रेंगीच्या मागं पायी आला. अन्नपूर्णाले काय सांगायचं, हे त्याले सुचत नव्हतं. रामाजी मात्र खुशीत होता.

"झकास झाली मुलाकत."

"भाऊ, नोकरी गेली," मी म्हणालो.

"गेली कुठी? आपुन नाई म्हनलो काय?"

"हो बी नाई म्हनलो."

"लटारू, पयल्या बैठकीत हो म्हंते तो गरजू दिसते."

"पोरगा गरजू हायच ना!"

"म्हनून तं दिसू देवाचं नाई," रामाजी म्हणाला.

ठरल्या रीतीप्रमाणं आठ दिवस जाऊ देऊन रामाजीनं नारळ-सुपारी घेऊन माणूस पाठवला : मंडळींना स्थळ पसंत आहे. माणूस रिकाम्या हातानं परत आला. नारळ मनसारामनं ठेवून घेतला, अन् खुशालले सोबत्यासारखा अर्धा दिला, असं समजलं. दोघंही तेव्हा दुपारच्या जेवणाची वाट पाहत होते. सांज झाली होती.

रामनवमी आली अन् गेली. दुसऱ्या दिवशी आमचा बाजार भरते, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. चैतूनं डोंगा पाण्यात ओढला, जाळं टाकलं अन् पोराले हाक मारली. मुखरू पाळीवर उभा होता, पांढरा. मी मधात पडलो.

"थांबा. पयले पैज."

लोक जमले. रामाजीनं आपली बाजू मांडली, अन् ती मांडली चांगली. एक, पोरगा पसंत झाला होता. त्याले अख्खं वडसा साक्षी. दोन, नोकरी आपण नाकारली नाई, फक्त विचाराधीन ठेवली. तीन, विचाराधीन गोष्टीले हरली म्हणता येत नाई. तसं म्हणलं तर नागपूरचं सगळं सरकारच हरलं म्हणावं लागन. कोतवालानं मान हलवली. मले वाटलं, आता हा सुटते.

तवा अन्नपूर्णा पुढं आली. डोक्यावर सुकटीची टोपली तशीच.

"रामाजीभाऊ, पोराले पानी आवडत नाई हे तुमाले मालूम होतं?"

"मालूम होतं, बाई."

"त्याले नोकरी पायजे होती हे मालूम होतं?"

"होतं."

"तो हो म्हनत होता हे आयकू आलं?"

रामाजी पागोटं सारखं कराले लागला.

"साऱ्या वडशाले इचारलं तुमी. न्हाव्याले इचारलं. धोब्याले इचारलं. इहिरीले इचारलं!" टोपली तिनं खाली ठेवली. "माह्या पोराच्या जागी आता तुमी डोंग्यात बसा. पाऊस लागेपावत. बाजाराच्या दिवशीच नाई, रोज."

गावानं "हाव!" म्हणलं. ते इतकं जोरात म्हणलं की बाजारातले बैल उठले.

मुखरू मटकन खाली बसला. माणसाले फाशी रद्द झाल्याचं सांगितल्यावर तो पयले बसतेच. पाऊस लागेपर्यंत त्याचे पाय कोरडे राहणार होते, अन् पुढच्या सालच्या फडाची बातमी तोपर्यंत आली असती. अन्नपूर्णानं त्याच्या डोक्यावर पदर फिरवला अन् सुकट विकाले बसली.

रामाजी शब्दाचा पक्का, हे मान्य करावं लागन. त्यानं धोतर खोचलं, पागोटं मात्र काढलं नाई. बाजार पाण्याकडे सरकला. चिवडेवाल्यानं दुकान उचलून पुढं आणलं, बांगडीवालीनं हातातलं गिऱ्हाईक हातातच धरून ठेवलं. चैतूनं रामाजीले डोंग्यात बसवलं, हातात बांबू दिला अन् स्वतः काठावरून जाळ्याची दोरी धरली.

डोंगा तलावाच्या मधात गेला. तिथी तो थांबला. रामाजी खाली पाहाले लागला. मग जास्त खाली पाहाले लागला.

"चैतू! याच्यात पानी येऊन राह्यलं!"

"हाव भाऊ."

"बुडाले भोक हाय!"

"तीन साल झाले."

"अरे मंग सांगतलं काऊन नाई?"

"इचारलं कोनं?" चैतू म्हणाला.

पाळीवरचे लोक असे हासले की चिवड्यात चिवडा राह्यला नाई. डोंगा सावकाश, कोणतीही घाई न करता, खाली गेला. उन्हाळ्याचं पाणी कमरेएवढंच होतं. रामाजी त्यात उभा राह्यला, छातीले जाळं गुंडाळलेलं, पागोटं कोरडं, अन् पागोट्याच्या टोकाशी एक लहान मासोळी अडकून तडफडत होती. शेवटी तो स्वतःही हासला. माणूस वाईट नाई.

सगळ्यात जास्त हासत होत्या पत्ता तोडणाऱ्या बाया अन् त्यायचे नवरे. पुढच्या हप्त्यात ते सगळे खुशालच्या फडावर जाणार होते. मी माह्या बाजूच्याले, पोट धरून हासणाऱ्याले, सहज विचारलं, "यंदा पुड्यात पत्ते किती बांधाचे?"

"मुन्शी सांगन तेवढे."

"शेकड्याचा भाव?"

"मुन्शी देइन तो." अन् डोळे पुसत म्हणाला, "पन हा रामाजी पाहा ना भाऊ, भोक इचाराचं राह्यलं त्याचं!"

तुम्हीही हासले असान. हासा, हासायलेच लिहिलं. हे वाचणारा माणूस म्हणजे शिकलेला, अन् शिकलेला म्हणजे बहुतेक नोकरीचा. कोण्या पेढीवर, कोण्या कचेरीत, कोण्या शाळेत रोज सकाळी वेळेवर जाऊन बसणारा. तिथी पयल्या दिवशी जायच्या आधी तुम्ही काय काय विचारलं होतं, ते मी विचारत नाई. पगार विचारला असन. सुट्टी विचारली असन. तिथी बसून किती साल झाले, तेही सांगू नका.

फक्त एक करा. जागेवरून न उठता, जरा खाली वाकून पाहा. पाय कोरडे आहेत ना?